विळी शेजारणीकडे

वर्तमानपत्रात ‘माथेफिरू’ हा शब्द दिसला की ती बातमी मी कापून ठेवते. मुलाने आईवर कोयत्याने वार केले, नवऱ्याने बायकोच्या डोक्यात दगड घातला, भावाने भावाला मारलं. बातमी चार इंचांची असते आणि तिच्या शेवटी बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या तोंडचं एक वाक्य असतं, की गेल्या काही दिवसांपासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे ‘काही दिवस’ म्हणजे नेमके किती? त्या दिवसांत घरच्यांनी कुणाकुणाला सांगितलं, त्याला कुठे नेलं, कुणी परत पाठवलं? बातमीत ते कधीच येत नाही. गठ्ठा मोठा होत गेला तसं माझं लक्ष त्या एका वाक्यावरच खिळायला लागलं.

*

सज्जन माणसं सांगतात, की मनोविकाराचा आणि हिंसेचा काही संबंध नाही. मीही अनेक वर्षं हेच सांगत होते. हेतू चांगला होता, पण विधान खरं नाही. समृद्ध देशांमधल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा खून करणाऱ्यांपैकी सुमारे साडेसहा टक्के लोकांना स्किझोफ्रेनिया होता असं निघालं. एकूण लोकसंख्येत हा आजार शंभरातल्या जेमतेम एकाला होतो. तेव्हा संबंध आहे. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद असते, त्यामुळे तिथले आकडे भरवशाचे. तिथे स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी १३.२ टक्के जणांवर एखादा तरी हिंसक गुन्हा शाबीत झालेला होता, तर इतरांमध्ये हे प्रमाण ५.३ टक्के. पण त्याच अभ्यासात पुढे बघा. ज्यांना आजाराबरोबर दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसनही होतं त्यांच्यात प्रमाण २७.६ टक्क्यांवर गेलं. व्यसन नव्हतं त्यांच्यात ते ८.५ वर उतरलं.

आणि दुसरी बाजू. त्याच देशात १९८८ ते २००० या काळात घडलेल्या हिंसक गुन्ह्यांपैकी गंभीर मनोविकार असलेल्यांच्या वाट्याला आले ५.२ टक्के. बाकीचे जवळजवळ पंच्याण्णव टक्के तुमच्याआमच्यासारख्या ‘शहाण्या’ माणसांनी केले.

हे दोन्ही आकडे एका श्वासात सांगता आले पाहिजेत. पहिला लपवला तर आजारी माणसाच्या घरच्यांना आपण खोटं पाडतो. दुसरा लपवला तर आजारी माणसाला गावाबाहेर काढतो.

*

एका आईने मला सांगितलं होतं, “विळी आणि सुरी रात्री पिशवीत घालून शेजारणीकडे ठेवायला देते. सकाळी भाजी चिरायला परत आणते.” मुलगा सव्वीस वर्षांचा, आयटीआय केलेला. त्याला वाटायचं की आई जेवणात काहीतरी घालते आहे. तो स्वतःचा भात स्वतः शिजवायचा, तांब्याचं पाणी ओतून देऊन नळाचं पाणी थेट तोंड लावून प्यायचा. सहा महिने हे चाललं होतं. दोनदा देवरशाकडे नेलं, एकदा लांबच्या दर्ग्यावर. डॉक्टरकडे नेलं नव्हतं, कारण “त्याला काय सांगून न्यायचं?”

तिने हे सांगितलं ते हळू आवाजात, कुणी ऐकत तर नाही ना असं बघत. भीती वाटते असं म्हणणंसुद्धा तिला मुलाशी केलेली बेइमानी वाटत होती. मी तोवर सगळ्यांना ऐकवत आले होते तेच तिलाही ऐकवलं, की घाबरू नका, ही माणसं हिंसक नसतात. ती गप्प बसली. आज मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. तिची नव्हे, माझी. तिने मला तिच्या घरातली खरी गोष्ट सांगितली होती आणि मी तिला एक घोषणा दिली.

*

मुंबईच्या मनात ‘वेडा खुनी’ म्हटलं की एकच चित्र उभं राहतं, रामन राघवचं. १९६० च्या दशकात उपनगरांतल्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं रात्री डोक्यात घाव घालून मारली जात होती. लोक हातात काठ्या घेऊन गस्त घालत. ऑगस्ट १९६८ मध्ये तो पकडला गेला. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं आणि त्यांनी निदान केलं, दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात किडनीच्या आजाराने गेला.

हे सगळं खरं आहे, पण या चित्राने आपलं फार नुकसान केलं. अनोळखी माणसाला रस्त्यात गाठून मारणारा मनोरुग्ण ही दुर्मीळातली दुर्मीळ गोष्ट. काही देशांचे आकडे एकत्र करून काढलेला अंदाज असा, की सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या, कुठल्याही रुग्णाकडून, मग तो उपचार घेत असो वा नसो, अनोळखी माणसाचा खून वर्षाला सुमारे १ कोटी ४३ लाख लोकांमागे एक इतका होतो. रस्त्यावर स्वतःशी बोलत जाणारा माणूस बघून आपण पोरांना जवळ ओढतो, ते या रामन राघवच्या भीतीने. ज्यांना खरोखर धोका असतो ती माणसं रुग्णाच्या घरातच असतात: आई, बायको, वडील, भाऊ. जे त्याला ताट वाढतात, ज्यांच्यावर त्याचा संशय बसतो.

*

संशय का आणि जवळच्याच माणसावर का? ज्यांना हा आजार जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आजारात मेंदू प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवायला लागतो. पंख्याचा आवाज, शेजाऱ्याचं खोकणं, बायकोने फोन खाली ठेवणं, सगळं आपल्याबद्दल आहे असं वाटतं. कानात आवाज येतात, ते शिव्या देतात, कधी हुकूम सोडतात. माणूस भेदरलेला असतो. बाहेरच्यांना तो भयंकर दिसतो, आतून तो घेरल्यासारखा असतो. आणि घेरणाऱ्यांत सगळ्यात जवळ कोण? जी रोज दार उघडते ती. त्यात या आजाराची सगळ्यात क्रूर गोष्ट ही, की आपण आजारी आहोत हे रुग्णाला बहुतेकदा कळत नाही. ताप आलेला माणूस डॉक्टरकडे चल म्हणतो. हा म्हणतो, मला वेडा ठरवायचा तुमचा कट आहे.

‘छिन्नमनस्कता’ हा स्किझोफ्रेनियाचा आपला प्रतिशब्द. या शब्दाने लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं असतात. तसं काही नसतं.

*

महाराष्ट्रातला एक खटला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. आरोपी पोलीस शिपाई. २४ एप्रिल १९९४ रोजी नवराबायकोत भांडण झालं. बायको न्हाणीघरात कपडे धूत असताना त्याने तिच्या डोक्यात वाटणाचा दगड घातला. दिवसाउजेडी. पळाला नाही, लपला नाही, दगड लपवला नाही. कारण काय, तर त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि ती देऊ देत नव्हती.

सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने कागद पुन्हा वाचले. वडिलांना मानसिक आजार होता. १९९२ पासून त्याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या जेमतेम सव्वापाच महिन्यांत त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. हे सगळं एकत्र धरून न्यायालयाने त्याला भारतीय दंड संहितेतल्या वेडाच्या बचावाचा, म्हणजे कलम ८४ चा लाभ दिला.

मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. दर वेळी माझं मन न्हाणीघरात अडकतं. ती बाई काय म्हणत होती? नोकरी सोडू नका, एवढंच. घर त्या पगारावर चालत असणार. सरकारी नोकरी सोडायचा हट्ट हा आजाराचा भाग आहे असं तिला कुणी कधी सांगितलं होतं का? अशा वेळी वाद घालू नका, बाजूला व्हा, दवाखान्यात कळवा, असं शिकवलं होतं का? दोन वर्षं उपचार चालू होते. दोन वर्षांत रुग्णाच्या बायकोला समोर बसवून अर्धा तास बोललं असतं तर? निकालपत्रात याचं उत्तर असण्याचं कारण नाही. तो प्रश्न न्यायालयाचा नव्हताच.

*

या खटल्यातली आणखी एक गोष्ट. शिपाई सुटला तो केसपेपरवर. १९९२ पासूनची नोंद होती, तारखा होत्या, निदान होतं. आता त्याच्या जागी ऊस तोडायला आलेला मजूर ठेवून बघा, ज्याला दोन वर्षं भगताकडे नेत होते. भगत केसपेपर देत नाही. कोर्टात उभा राहताना त्या मजुराच्या बाजूने बोलणारा एक कागद नसतो. कायद्याचं गृहीतक असं की प्रत्येक माणूस शहाणा. नसेल तर आरोपीने दाखवून द्यावं. तुरुंगात, वकिलाशिवाय किंवा वर्षभराने मिळालेल्या वकिलाच्या मदतीने, आजारी माणसाने सिद्ध करायचं की त्या दिवशी आपण आजारी होतो.

२००७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की तपासात वेडाचा पूर्वेतिहास पुढे आला तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तसं केलं नाही तर संशयाचा फायदा आरोपीला. हे प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावं.

*

कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, मजकुराचा गाभा तोच. कृत्य करताना मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचा तो गुन्हा नाही.

याचं मूळ लंडनमधल्या १८४३ च्या एका गोळीत आहे. ग्लासगोचा लाकूडकातारी डॅनियल मॅक्नॉटन. टोरी पक्ष आपल्या मागे लागला आहे, आपल्याला जगू देत नाही, अशी त्याची पक्की समजूत. २० जानेवारीला त्याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. पाच दिवसांनी ते वारले. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. देश खवळला. राणी व्हिक्टोरियावरच तीन वर्षांपूर्वी गोळी झाडणारा असाच सुटला होता, तिचाही संताप झाला. लॉर्ड्स सभेने न्यायाधीशांना बोलावून विचारलं, नियम सांगा. त्यांनी उत्तरं दिली ते मॅक्नॉटन नियम, आणि तेच १८६० मध्ये आपल्या दंड संहितेत उतरले. अभ्यासक सांगतात, की हे कडक नियम स्वतः मॅक्नॉटनला लावले असते तर तो बहुधा सुटला नसता. गोळी मारणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं.

आणि ‘सुटला’ म्हणजे घरी गेला नाही. बेथलेम रुग्णालयात वीस वर्षांवर राहिला, १८६४ मध्ये ब्रॉडमूरला हलवला, पुढच्या वर्षी तिथेच मेला. आपल्याकडेही या कलमाखाली निर्दोष ठरलेल्याला न्यायालय सुरक्षित ताब्यात ठेवतं किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवतं. ‘वेडाचं सोंग केलं आणि सुटला’ असं कट्ट्यावर बोलणाऱ्यांनी एकदा ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात जाऊन यावं. तिथे वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेली माणसं भेटतील.

*

या सगळ्या वाचनात ज्या आकड्याने मला झोपू दिलं नाही तो हा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अनेक देशांचे अभ्यास एकत्र केले. सायकोसिसमध्ये झालेल्या खुनांपैकी ३८.५ टक्के खून पहिल्याच झटक्यात, कुठलाही उपचार सुरू होण्याआधी झालेले होते. उपचार न मिळालेल्या पहिल्या झटक्यात सुमारे ६२९ रुग्णांमागे एक खून. उपचार सुरू झाल्यावर वर्षाला सुमारे नऊ हजार रुग्णांमागे एक.

म्हणजे धोक्याचा काळ कोणता ते माहीत आहे. ‘गेल्या काही दिवसांपासून’ हाच तो काळ. आवाज सुरू झाले आहेत, संशय सुरू झाला आहे, आणि डॉक्टर अजून भेटलेला नाही.

आपल्याकडे हा काळ किती लांबतो? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं, की गंभीर मनोविकार असलेल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन उपचाराशिवाय आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर उपचार हा हक्क केला. कागदावर सगळं आहे.

*

विहीर. हे टिपण लिहायचं मी टाळत होते.

‘दोन चिमुकल्यांसह विवाहितेची विहिरीत उडी.’ मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कुठलंही पान उघडा. बहुतेक वेळा सासरचा छळ हे कारण असतं आणि ते खरंही असतं. पण काही घरांत छळ नसतो आणि मग गाव म्हणतं, काय कमी होतं तिला? बाळंतपणानंतर हजारात एक-दोन बायकांना तीव्र सायकोसिस होतो. झोप पूर्ण उडते, बाळ बदललंय असं वाटतं, बाळात काहीतरी शिरलंय असं वाटतं. आजी म्हणते, बाळंतिणीला वारं लागलं. दृष्ट काढतात, धुरी देतात. ही तातडीची अवस्था आहे, बाळंतपणातल्या रक्तस्रावाइतकीच, आणि वेळेत दवाखाना मिळाला तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

तीव्र नैराश्यातली आई वेगळी. तिला वाटतं, मी गेल्यावर यांचं कोण करणार? ती मुलांना मागे ठेवत नाही. लोक तिला निर्दय म्हणतात. तिच्या आजारी मनात ते मायेचं कृत्य असतं. मुलं बुडतात, ती वाचते. मग तिच्यावर खुनाचा गुन्हा दाखल होतो. आत्महत्येच्या प्रयत्नापुरतं २०१७ च्या कायद्याने तिला संरक्षण दिलं. मुलांच्या मृत्यूसाठी नाही. बाळंतपणाच्या परिणामातून न सावरता नवजात बाळाचा जीव घेणाऱ्या मातांसाठी इंग्लंडने १९२२ मध्येच वेगळा कायदा केला. आपण दंड संहिता त्यांच्याकडून घेतली, हे घेतलं नाही. मला वाटतं घ्यायला हवं होतं, आणि अजूनही उशीर झालेला नाही.

*

६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळीने बांधलेले होते.

आजारी माणूस बळीही असतो. स्वीडनमधल्याच आणखी एका अभ्यासात मनोविकार असलेल्या माणसांचा खून होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचपट निघाली. माझ्या कात्रणांत या बातम्या जवळजवळ नाहीत. मुलं पळवणारा समजून जमावाने मारलेला, चोर समजून खांबाला बांधलेला ‘वेडसर इसम’ एका ओळीत संपतो. त्याचं नावही बऱ्याचदा छापलेलं नसतं.

*

फाशीबद्दल. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं एक कारण मानलं. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही त्यासाठी पुरेसा धरला. निकालात त्या कैद्याचं नाव घेतलेलं नाही, फक्त ‘आरोपी क्ष’. गुन्हा अतिशय हीन होता, दोन लहान मुलींचा बळी गेला होता. वाचताना माझे हात थरथरले. तरीही निकाल मला पटतो. कशाची शिक्षा होते आहे हेच ज्याला उमगत नाही त्याला फासावर चढवून कुणाला न्याय मिळतो?

*

पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन जगन्नाथ वाणी यांनी सुरू केली. ते मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पाठबळाने झाला. त्यातला आजारी शेष मला आठवतो, आणि त्याहून जास्त त्याची बहीण. घरातल्या माणसाची दमछाक मराठी पडद्यावर तोवर अशी कुणी दाखवली नव्हती.

आधारगटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द मला आवडतात. पण शुभंकर सभेत उठून “मला त्याची भीती वाटते” असं म्हणू शकला पाहिजे, आणि त्यावर कुणी त्याला गप्प करता कामा नये. तेवढी जागा झाली की पुढचं बोलता येतं: गोळ्या कधी बंद झाल्या, दारू पुन्हा सुरू झाली का, आवाज हुकूम देतात का, तो कुणाचं नाव घेतो, घरात हत्यार काय आहे. गोळी जिभेखाली लपवणाऱ्यासाठी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, हे कितीतरी घरांना माहीतच नसतं. स्वीडनमध्ये असंही दिसलं, की तोच माणूस सायकोसिसची औषधं घेत असलेल्या काळात त्याच्याकडून होणारे हिंसक गुन्हे औषध न घेण्याच्या काळापेक्षा ४५ टक्क्यांनी कमी असतात.

*

विळीवाल्या बाईकडे मी पुन्हा गेले. या वेळी घोषणा दिली नाही. “झोप कधीपासून नाही?” एवढंच विचारलं. मुलालाही तेच विचारलं. आवाजांबद्दल बोलायला तो तयार नव्हता, झोपेबद्दल बोलला. झोपेच्या औषधासाठी म्हणून तो जिल्हा रुग्णालयात आला. तिसऱ्या खेपेला त्याने डॉक्टरांना आवाजांचं सांगितलं. आता चौथं वर्ष चालू आहे. मधे एकदा गोळ्या सोडल्या, तेव्हा पुन्हा आठ दिवस विळी शेजारणीकडे गेली होती. मग परत आली.

*

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात आज असे ‘काही दिवस’ चालू असतील, म्हणजे रात्ररात्र जागणं, जेवणावर संशय, कुणीतरी मागावर आहे असं म्हणणं, न दिसणाऱ्याशी बोलणं, तर अमावस्या उलटायची वाट बघू नका आणि त्याचं लग्न लावून बघू नका. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला एकटं गाठून कोंडू नका, स्वतः दाराच्या बाजूला राहा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. रुग्ण यायला तयार नसला तरी तुम्ही बोलू शकता. आजच लावा.